पेशींची आवराआवर

वहिनी,

तुझा तेरावा उरकून मी कॉलेजात परत गेले, तर दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला नेमका तोच धडा आला होता. पेशींचा नियोजित मृत्यू. मी फळ्यावर नाव लिहिलं, वळले आणि दरवर्षीचं वाक्य म्हणायला लागले: शरीराला नको झालेली पेशी आत्महत्या करते. ‘आत्म’पर्यंत आले आणि पुढचं तोंडातून येईना. पहिल्या बाकावर हरसूलकडची एक मुलगी बसते. ती वहीला पेन टेकवून वाट बघत राहिली. शेवटी मी म्हणाले, “पेशी आवरतं घेते.”

तिने लिहून घेतलं. मागून कुणीतरी विचारलं, “मॅडम, पेपरात असं लिहिलं तर मार्क मिळतील का?”

“पेपरात पुस्तकातलंच लिहा,” मी म्हटलं.

म्हणजे बघ, तुला जाऊन महिनाही झाला नाही आणि मी तुझा शब्द अर्धा घेतला, अर्धा सोडला. तू असतीस तर यावरून मला सोडलं नसतंस. आपलं हे भांडण मिटलेलं नाही. एवढ्यात मिटेल असंही वाटत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तू सटाण्याहून आमच्या मखमलाबादच्या मळ्यात सून होऊन आलीस, तेव्हा मी अकरावी सायन्सला होते आणि तू बारावी सायन्स पास होऊन आली होतीस. “पुढं शिकायचं होतं,” असं तू एकदाच म्हणालीस, तेही भाकरी थापताना, आणि आई काही बोलायच्या आत मीठ मागून विषय बदललास. वयाने मोठी असून तू मला ‘शैलाताई, तुम्ही’ म्हणायचीस, कारण मी नणंद. मला त्याचा संकोच वाटायचा आणि थोडं बरंही वाटायचं. घरात माझ्या जीवशास्त्राच्या पुस्तकाला हात लावणारी तू एकटीच होतीस. दादाला फुलं आणि पाणी यापलीकडे काही वाचायचं नसे.

त्या वर्षी विहिरीजवळच्या हौदात बेडूकमासे झाले होते. तू थोडे बादलीत काढून ठेवलेस. पाय फुटले, हात फुटले, आणि एके दिवशी तू मला विचारलंस, “ताई, यांची शेपटी जाते कुठं?”

“गळून पडते,” मी ठोकून दिलं.

मग रोज सकाळी, फुलं तोडून आल्यावर, तू पदर खोचून बादलीच्या तळाशी शेपट्या शोधायचीस. एकही सापडली नाही. शेपटी आखूड होत गेली, मग नुसता ठिपका राहिला, मग तोही गेला. “गळली असती तर दिसली असती,” तू म्हणालीस. “ही आतल्या आत जाते. पण जाते म्हणजे काय होतं तिचं?”

त्या प्रश्नामुळे मी प्राणिशास्त्र घेतलं असं लिहिलं तर छान दिसेल. खरं म्हणजे मेडिकलला मार्क कमी पडले. उत्तर मात्र मला पुढे एम.एस्सी.ला मिळालं, आणि सुट्टीत घरी आल्यावर मी पहिल्यांदा तुलाच सांगितलं. शेपटीतल्या पेशी जागच्या जागी मरतात. मरताना फुटून सांडत नाहीत. आतला सगळा पसारा कापून त्याची छोटी छोटी गाठोडी बांधतात, गाठोड्यांवर ‘उचला’ अशी खूण लावतात, आणि मग साफसफाई करणाऱ्या पेशी येऊन ती गिळून टाकतात. मागे ना डाग, ना सूज. तू निशिगंधाच्या जुड्या बांधत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, “म्हणजे आवरून जातात.”

मी हसले होते. एवढा मोठा शोध, आणि तू त्याला ओटा आवरण्याइतका साधा करून टाकलास.

पुढे किती वर्षं तो विषय आपल्यात निघालाच नाही. तुझी मुलं झाली, मोठी झाली, कामासाठी लांब गेली. पंचवटीतल्या फूलबाजारात तुझा शब्द चालायला लागला. मी शहरात राहायला गेले आणि दर रविवारी मळ्यात येत राहिले. मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तुझं रक्त तपासलं आणि पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रक्ताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मानेतल्या गाठी त्यांच्या बोटांना लगेच लागल्या. तू त्या आधीच पाहिल्या होत्यास, पण ओझं उचलून आल्या असतील असं ठरवून टाकलं होतंस.

रक्ताच्या डॉक्टर बाई शांतपणे बोलायच्या. “हा रक्ताचा कॅन्सर आहे, पण संथ आहे. आत्ता औषध सुरू करायचं नाही. अधूनमधून रक्त तपासू, गाठी बघू.”

“कॅन्सर हाय आणि औषध नाय?” तू विचारलंस.

“आत्ता नाही. काही जणांना वर्षानुवर्षं लागत नाही.”

तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू आम्ही दोघींनी मिळून तुझ्यापासून काही लपवलंय. दादा बाहेर बाकावर बसला होता. तो कधी आत यायचाच नाही. आपण बाहेर आलो की “काय म्हणाल्या?” एवढं विचारायचा, उत्तर पुरतं ऐकायच्या आत “बरं” म्हणायचा आणि गाडीची किल्ली शोधायला लागायचा. त्या दिवशीही तो मोटरसायकलवर पुढे गेला आणि आपण रिक्षाने निघालो.

रिक्षाने पूल ओलांडला. मग म्हणालीस, “ताई, मला नीट सांगा. माझ्या आत काय चाललंय?”

मी सांगितलं. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, रक्तातून फिरतात, काम करतात आणि मरतात. हे सगळ्यांच्या शरीरात रोज चालतं. जुन्या जातात, नव्या येतात, म्हणून संख्या जागेवर राहते. तुझ्यातल्या एका जातीच्या पेशींनी मरणं सोडून दिलंय. त्या फार वेगाने वाढतात असं नाही, त्या जात नाहीत. म्हणून साठतात.

“म्हणजे पाहुणे आले आणि उठेचनात.”

“तसंच.”

तू बाहेर बघत राहिलीस. स्वतःशी बोलताना तुझी माहेरची अहिराणी यायची, तशी ती आली. “त्यासले कोन सांगस?” मग माझ्याकडे वळलीस. “जा म्हणून, त्यांना कोण सांगतं?”

रिक्षावाला आरशातून आपल्याकडे बघत होता. त्याला वाटलं असावं, आपल्या घरी खरोखरच पाहुणे ठाण मांडून बसलेत.

वहिनी, असा आजार कळला की माणसं विचारतात, किती दिवस राहिले, काय खायचं, काय टाळायचं, माझ्याच वाट्याला का. तेही तू पुढे विचारलंस, रडलीसही. पण पहिला प्रश्न तो होता. इतकी वर्षं शिकवून तो मला कुणी इतका सरळ विचारला नव्हता.

मग आपले रविवार सुरू झाले. शेडमध्ये झेंडूचा ढीग, तू एका बाजूला, मी दुसऱ्या. मला निवडता येत नाही, म्हणून तू मला नुसतं बोलायचं काम दिलं होतंस. मी सांगायचे की पेशीला मरणाची खबर कधी बाहेरून येते, कधी आतून. बाहेरून येते तेव्हा दुसरी पेशी तिच्याजवळ येऊन दारावरची एक विशिष्ट कडी वाजवते. आतून येते तेव्हा पेशीला स्वतःचंच काही बिघडल्याचं कळतं. आणि कधी कुणी काहीच सांगत नाही. एरवी ‘रहा, रहा’ असे निरोप येत असतात, ते बंद होतात.

या शेवटच्याला तू मला थांबवलंस. “म्हणजे जगायला रोज कुणीतरी ‘रहा’ म्हणावं लागतं?”

“पांढऱ्या पेशींना, हो.”

“आणि कुणी म्हटलं नाही तर आपोआप आवरतात.”

“हो.”

“माझ्यातल्यांना कोण म्हणतंय मग, रहा म्हणून?”

मी सांगितलं की त्यांच्यात एक प्रथिन फार झालंय. प्रत्येक पेशीच्या आत मरणाची यंत्रणा तयार असते. तिच्या दाराला आतून एक अडसर असतो. वेळ आली की तो निघतो. तुझ्या पेशींत अडसरावर अडसर घातलेत. कुणी कितीही सांगितलं तरी दार उघडत नाही. तुझं त्याने समाधान झालं नाही. “ते झालं आतलं,” तू म्हणालीस. “मी बाहेरचं विचारतेय.” मला वाटलं, तुला नीट कळलं नाही. मी तेच पुन्हा सांगितलं.

थायमसची गोष्ट तुला सगळ्यात आवडली होती. छातीत, हृदयाच्या वर ती ग्रंथी असते, लहानपणी मोठी आणि वय वाढेल तशी सुकत जाणारी. तिथे नव्या शिपाई पेशींची पारख होते. त्यांना आपल्याच शरीराचे नमुने दाखवतात. जिला काहीच ओळखता येत नाही ती मरते. जी आपल्याच माणसावर तुटून पडते तिलाही मरायला सांगतात. बहुतेक सगळ्या तिथेच संपतात.

“मग बाहेर कोण पडतं?” तू विचारलंस.

“ज्या घरचं ओळखतात, पण त्याच्यावर चिडत नाहीत.”

तू झेंडू टोपलीत टाकलास आणि पोट धरून हसलीस. “ओळखायचं पण चिडायचं नाही. अहो, हे तर सुनेचं लक्षण. तुमच्या आईने माझी हीच परीक्षा घेतली.”

दादा तिकडे क्रेट भरत होता. त्याने मान वर करून पाहिलं, पण काय झालं ते विचारलं नाही.

मग गुलाबाचा काटा तुझ्या अंगठ्यात गेला. डॉक्टर बाईंनी हातमोजे घालायला सांगितलं होतं आणि तू घालत नव्हतीस. अंगठा सुजला, पू झाला, औषधं घ्यावी लागली. बरा झाल्यावर तू तो माझ्यासमोर धरलास. “इथं लढाई झाली ना? ते शिपाई कुठं गेले?”

“पू होता तो त्यांचाच. बाकीचे जागेवर मेले. साफसफाईवाल्यांनी खाल्ले.”

“हरलेले ठीक. जिंकलेलेसुद्धा?”

“जिंकलेले आधी. नाहीतर हातात हत्यार घेऊन ते करणार काय? घरातच मारामाऱ्या. थोडे म्हातारे ठेवतात, आठवण राहावी म्हणून. तोच काटा परत आला तर ओळखायला.”

तू अंगठ्याकडे बघत म्हणालीस, “जिंकून मरायचं, आणि कुणाला पत्ता नाही.” पण त्यात दुःख नव्हतं. बादलीच्या तळाशी शेपटी शोधताना दिसायचा तोच तुझा चेहरा होता.

त्याच रविवारी मी ‘आत्महत्या’ हा शब्द वापरला आणि आपलं जुंपलं. तू टोपली खाली ठेवलीस. “हा शब्द नका वापरू, ताई.”

“पुस्तकात आहे.”

“पुस्तकात असू दे. जीव देणारं माणूस एकटं पडलेलं असतं. त्याला कुणी विचारलेलं नसतं, त्यानेही कुणाला विचारलेलं नसतं. ही पेशी तर चारचौघींचं ऐकून, पसारा बांधून जाते. दोन्हीला एकच शब्द कसा?”

“मग काय म्हणू?”

“आवरतं घेते म्हणा.”

मला ते फार गोड वाटलं, आणि तसं मी म्हणाले. मारेकरी पेशींचं उदाहरण दिलं. विषाणू शिरलेल्या पेशीला मारेकरी पेशी चिकटते, तिच्या अंगाला भोक पाडते आणि मरणाचा हुकूम थेट आत सोडते. त्याला आवरणं म्हणायचं? ती तर फाशी आहे.

“हुकूम कुणाचाही असो,” तू म्हणालीस, “आवरतं तर तीच ना? ती मारेकरीण काही तिचा पसारा बांधत नाही.”

“शब्द गोड केला म्हणून मरण गोड होत नाही, वहिनी.”

“मी गोड कुठं म्हणतेय? घर आवरणं कधी गोड असतं? तुम्ही कधी आवरलंय का?”

मला ते पटलं नाही. मला अजूनही वाटतं की तुझ्या शब्दात मारणारा दिसत नाही. आणि तुझं म्हणणं, माझ्या शब्दात शेजारी दिसत नाहीत. आपण दोघी तिथेच राहिलो.

संथ आजार एके वर्षी संथ राहिला नाही. काखेतल्या गाठी लिंबाएवढ्या झाल्या, चालताना धाप लागायला लागली, घामाने उशी भिजायला लागली. डॉक्टर बाई म्हणाल्या, आता औषध. रोजची गोळी. तू विचारलंस, ही काय करते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “वहिनी, तो अडसर. ही गोळी अडसर काढते.”

तू म्हणालीस, “म्हणजे ही मारत नाही. मरू देते.”

डॉक्टर बाई पहिल्यांदा हसल्या. “असं कुणी म्हटलं नव्हतं. पण बरोबर आहे.” मग त्यांनी धोकाही सांगितला. एवढ्या पेशी एकदम मेल्या तर त्यांच्यातलं सगळं रक्तात येतं. सफाईवाल्या कमी पडतात, मूत्रपिंडांवर भार येतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून अगदी लहान गोळीपासून सुरुवात, आठवड्याआठवड्याने वाढ, भरपूर पाणी, आणि पहिल्या गोळीला दवाखान्यात राहायचं.

बाहेर येऊन तू दादाला म्हणालीस, “मरायला पण हळूहळू सांगावं लागतं म्हणे.” तो म्हणाला, “बरं.”

मग पहिल्या गोळीचा दिवस आला. सकाळी तू गोळी घेतलीस. सारखं पाणी, सारखं रक्त. दुपारी नर्सने रिपोर्ट बघितला आणि ती तडक बाहेर गेली. डॉक्टर बाई आल्या, छातीवर तारा लावल्या, सलाईनचा वेग वाढवला. तुझ्या रक्तातलं पोटॅशियम चढत होतं. मला त्याचा अर्थ माहीत होता. म्हणजे गोळी लागू पडली होती, आणि म्हणूनच तुझ्या जिवाला धोका होता. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

“इकडं ये,” तू म्हणालीस.

मी वळले. तुझा हात मानेवर होता.

“शैला, बोट दे. इथं लाव. सकाळी टणक होती. बघ आता.”

गाठ मऊ झाली होती. माझ्या बोटाखाली ती अक्षरशः दबत होती. तुझ्या त्वचेच्या आत, एका बोटाच्या अंतरावर, वर्षानुवर्षं न हललेल्या पेशी आपलं गाठोडं बांधत होत्या. मी हे हजारदा शिकवलं होतं आणि एकदाही हात लावून पाहिलं नव्हतं.

“चाललंय ना?” तू विचारलंस.

“चाललंय, वहिनी.”

“घाबरू नको.”

ते ‘ये’, ते ‘शैला’, ते ‘नको’. तीस-पस्तीस वर्षांची ‘ताई, तुम्ही’ त्या दुपारी कधी गळाली हे तुझ्या लक्षातही आलं नसेल. संध्याकाळी पोटॅशियम उतरलं. त्यानंतर तू मला कधी ‘तुम्ही’ म्हणाली नाहीस, आणि तोवर तुला ‘तुम्ही’ म्हणणारी मीही नाही.

त्या गोळीने तुला चांगला काळ दिला. गाठी गेल्या, धाप गेली. तू परत बाजारात गेलीस, शेवंतीचा भाव पाडून मागणाऱ्यांना परत पाठवायला लागलीस, सटाण्याला भाचीच्या लग्नात नाचलीस. मला वाटलं, झालं. तुला नाही वाटलं. “वाईट गेल्या ते ठीक,” तू म्हणायचीस, “चांगल्या परत आल्या का?” तुझा हा प्रश्नही बरोबर होता. त्या पुरेशा आल्या नव्हत्या. या वर्षीच्या थंडीत साधा खोकला आला आणि फुप्फुसात उतरला. तिथे लढायला तुझ्याकडे फार कुणी नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी तू मास्क बाजूला करून मला काहीतरी सांगायला लागलीस. ओठ हलले. नर्सने मास्क परत नीट बसवला, प्रेमानेच, आणि म्हणाली, “नंतर बोला, मावशी.” तू मान डोलावलीस. दुपारपर्यंत तू गेलीस. काय सांगायचं होतं ते मी कल्पनेने भरून काढणार नाही. ते तुझंच आहे.

तेराव्याला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, वेळ झाली होती. मी ऐकून घेतलं. एका मावशींनी तर मलाच सांगितलं, “तू शिकवतेस ना, शरीराला आधीच सगळं ठरवून दिलेलं असतं.” मी म्हटलं, नाही. पेशीचं ठरलेलं असतं. वहिनीचं नव्हतं ठरलेलं. तिला कुणी आवरतं घ्यायला सांगितलं नव्हतं, तिने घेतलंही नव्हतं. तिला न्यूमोनिया झाला. मावशींना माझं बोलणं लागलं असेल. पण एकदा मीच जेव्हा तुझ्या पेशींवरून माणसाच्या आयुष्याचं काहीतरी जुळवायला गेले होते, तेव्हा तू मला तोडलं होतंस. “पेशींचं पेशींपाशी राहू दे, ताई. माणूस एवढा शहाणा नसतो.”

आता तुला सांगायची राहून गेलेली गोष्ट. तू गेल्यावर मला दुसरं काही वाचवेना, म्हणून मी तुझ्याच आजाराबद्दल वाचत बसले. त्यात एक साधी, जुनी माहिती आहे. या विषयातल्या लोकांना ती केव्हाची ठाऊक आहे, माझ्याच वाचनातून सुटली होती. तुझ्यासारख्या रुग्णांच्या रक्तातून त्या हट्टी पेशी काढतात आणि काचेच्या बशीत, पोषणाच्या पाण्यात ठेवतात. अंगात असताना काही केल्या न मरणाऱ्या या पेशी तिथे मात्र लवकरच मरायला लागतात. का, तर एकट्या पडतात म्हणून. पण त्याच बशीत शरीरातल्या त्यांच्या शेजारणी आणून ठेवल्या, तर जगतात. या शेजारणींच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी दाईसारख्या पेशी असंच नाव दिलंय. त्या तुझ्या गाठींमध्ये बसून त्यांना दिवसरात्र ‘रहा, रहा’ म्हणत होत्या. आतला अडसरसुद्धा त्यांच्याच सांगण्यावरून आणखी घट्ट होतो.

तू विचारलं होतंस, माझ्यातल्यांना रहा म्हणून कोण म्हणतंय. मी तुला आतलं उत्तर दिलं, आणि तू म्हणालीस, मी बाहेरचं विचारतेय. बाहेरचं उत्तर होतं, वहिनी. हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने म्हणाले, “अगं, बरोबर होतं तुझं.” मग फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं, आणि ठेवून दिला.

काल रविवार होता. सवयीने मळ्यात गेले. शेडमध्ये झेंडू पडला होता आणि दादा एकटाच निवडत होता. मी समोर बसले. मग मान खाली ठेवूनच तो म्हणाला, “शैला, तिला काय झालं होतं ते सांग मला.”

मला वाटलं, शेवटच्या दिवसांचं विचारतोय. मी न्यूमोनियाचं सांगायला लागले.

“ते नाय. ते पहिलं. तू तिला सांगायचीस ते. मी इथंच असायचो, पण ऐकलं नाय कधी. लय भ्या वाटायचं.”

मी सांगितलं. हाडांच्या मगजापासून सुरुवात केली. दारावरची कडी, ‘रहा’ म्हणणारे निरोप, अडसर, छातीतली ती परीक्षा, जिंकून मरणारे शिपाई, गोळी, आणि ज्या पेशी एकट्या पडल्या की मरतात त्याही. दादा ऐकत होता. मध्ये एकदाच त्याने हात थांबवला, तो परीक्षेच्या ठिकाणी. तुझं सुनेचं बोलणं मी सांगितलं, तेव्हा तो हसला आणि उपरण्याने डोळे पुसले. बाकी सगळा वेळ तो फुलं निवडत राहिला.

“झालं?” त्याने विचारलं.

“झालं.”

ढीग संपला होता. त्याने हात झटकले. “मला तर कळलं सगळं. पण ती असती तर इथं काहीतरी विचारलं असतं तिने. काय विचारलं असतं?”

मी विचार केला, वहिनी. खरंच केला. शिकवणं माझा धंदा आहे, पोरं कुठे अडतील हे मला आधी कळतं. पण तू पुढे काय विचारलं असतंस ते मला काढता आलं नाही. मी दादाला तसं सांगितलं.

“बरं,” तो म्हणाला. पण उठला नाही, आणि मीही उठले नाही. रिकाम्या टोपल्यांपाशी आम्ही दोघं बहीण-भाऊ कितीतरी वेळ तुझ्या प्रश्नाची वाट बघत बसलो.